टोचलेला हात

४ मार्च

साठ जणांना बोलावलं होतं. आले बावीस, त्यातले निम्मे त्या खोलीत एसी आहे म्हणून.

आरोग्य खात्याला निनावी धमकी आलीय, देवीच्या रोगाचे जंतू सोडू. देवी जगातून नाहीशी होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. आमच्या हॉस्पिटलातल्या एकाही डॉक्टरने तिचा रोगी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मीसुद्धा पुस्तकातच पाहिलाय. म्हणून वरून हुकूम निघाला की प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात एक पहिली तुकडी उभी करा, तिला देवीची लस टोचा आणि रोग ओळखायला शिकवा. उद्या खरंच काही घडलं तर हीच माणसं रोग्याजवळ जातील. संसर्गजन्य रोगांचा वॉर्ड माझा, तेव्हा तुकडीही माझ्याच गळ्यात.

मी घसा फुटेस्तोवर बोलले. शेवटी विचारलं, लस कोण कोण घेणार? इतके लोक एकाच वेळी छताकडे बघताना मी कधी पाहिले नव्हते. अधीक्षक म्हणाले, "धमक्यांचं काय मॅडम, उचलली जीभ लावली टाळ्याला." कातडीवाला, म्हणजे आमचा त्वचारोगाचा डॉक्टर, ज्याला गंभीर चेहरा करता येत नाही, तो म्हणाला, "देवी आलीच तर पहिली गर्दी माझ्या ओपीडीत. मला आत्ताच बसायला खुर्ची नाही." सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरातीमागून घोडं नाचवायची या लोकांना इतकी सवय झालीय की आधी घोडं दाखवलं तर ते घोडंच ओळखत नाहीत.

हात वर झाले सात. त्यात कातडीवाल्याचा होता, हे लिहायला हवं.

घरी येऊन मास्तरांवर ओरडले. मास्तर म्हणजे नवरा, शाळेत भूगोल शिकवतात. "अगं, पण मी काय केलं?" म्हणाले. काहीच केलं नाही, हाच तर राग.

६ मार्च

लस घेतली. दुतोंडी सुईने दंडाच्या एकाच जागी टोच टोच टोचतात. टोचणारा माझाच जुना विद्यार्थी. समोर बसवून विचारलं, घरात कुणाला इसब आहे? पूर्वी होता? कुणी गरोदर? तान्हं मूल?

मी म्हटलं, "घरात मी आणि मास्तर. मास्तरांना एकच जुनाट आजार आहे, आळस. तो सांसर्गिक असता तर त्यांची अख्खी शाळा आडवी झाली असती."

तो हसला नाही. नियम वाचून दाखवायला लागला. लशीत जिवंत विषाणू आहे, देवीचा नव्हे, तिच्या सौम्य भाऊबंदाचा. टोचलेल्या जागी फोड येईल, पिकेल, खपली धरेल. खपली पडेपर्यंत त्यातून जे पाझरेल ते दुसऱ्याच्या कातडीवर रुजू शकतं. पट्टी कायम हवी, टॉवेल वेगळा, हात धुवायचे. इसब झालेल्या माणसापासून लांब राहायचं, त्याच्या अंगभर हे पेटतं, जिवावरसुद्धा बेततं.

"हे मी तुला शिकवलंय," मी म्हटलं.

"हो मॅडम," म्हणाला, आणि उरलेलंही वाचलं. पोरगा चांगला आहे, पण अंगाला माज चढलाय.

९ मार्च

धाकट्या भावाच्या घरात भिंतीतला पाइप फुटला. फरशी उखडलीय, पाणी बंद. तीन बॅगा, भाऊ, भावजय आणि मुंगी, सगळे आमच्याकडे. दुरुस्ती होईपर्यंत इथेच.

मुंगी चार वर्षांची. खरं नाव भारदस्त आहे, पण तिला ते शोभत नाही. दारातूनच ओरडली, "आत्या, मी तुझ्याजवळ झोपणार!" घर भरलं. मास्तरांनी नकाशांचा पसारा आवरला, जो मी वीस वर्षं सांगून आवरला गेला नव्हता.

भावजय नेहमीसारखी. हिच्या तोंडातून एक वाक्य बाहेर काढायला सांडशी लागते. जेवताना हळूच म्हणाली, "ताई, मुंगीच्या कोपरात परत जरा लाल दिसतंय. इसब असेल?" मी बघितलं. घामोळं आहे. इसब मी दोन वर्षांपूर्वी मुळापासून बरा केला. तीन डॉक्टरांनी हात टेकले होते तेव्हा मी केला. हिच्या ते लक्षातही नाही.

१३ मार्च

दंडावरचा फोड शर्टाच्या बटणाएवढा झालाय. पू धरलाय, भोवती लाल कडं. अगदी पुस्तकातल्यासारखा, म्हणजे लस लागू पडली. खाज मात्र अशी की माणूस भिंतीला घासेल.

आज वॉर्डात एका परिचारिकेची पट्टी सुटलेली दिसली. सगळ्यांसमोर फाडून खाल्लं तिला. "घरी लहान मूल आहे ना तुझ्या? मग? अक्कल गहाण टाकलीस?" रडली. रडू दे. रडलेली परवडते.

घरात पाऊल टाकलं की मी पहिली पट्टी सोडते. आत घाम येऊन जास्तच खाजतं, आणि जखमेला वारा लागलेला बरा. वर बाही असतेच. दिवसभर नियमच पाळते, घरी तरी माणसासारखं बसू दे.

मुंगी माझ्या त्याच दंडावर डोकं ठेवून गोष्ट ऐकते. रोज तीच गोष्ट, आणि एक शब्द बदलला तर भांडते.

१५ मार्च

तुकडीला शिकवलं. फळ्यावर दोन माणसं काढली. कांजिण्यांचे फोड पोटापाठीवर जास्त, वरवरचे, एक ताजा तर शेजारचा सुकलेला. देवीचे चेहऱ्यावर, हातापायांवर, तळव्यांवरसुद्धा. खोल, कातडीत हरभरा रुतल्यासारखे, सगळे एकाच वयाचे, मध्ये बेंबीसारखा खळगा. आधी कडक ताप, मग पुरळ. "दिसलं की वाट बघायची नाही. माणूस वेगळा करा, मला फोन करा. चुकलात तरी चालेल, गप्प बसलात तर नाही."

कातडीवाल्याने विचारलं, "मॅडम, लशीमुळेच असं झालं तर कसं ओळखायचं?" मी म्हटलं, "शिस्त असेल तर तसं होणारच नाही." प्रश्न विचारायचा म्हणून विचारतात. डोळे फाडून शत्रू बघायचा सोडून हे स्वतःच्या खिशात हात घालून बसलेत.

घामोळ्यावर मुंगीला मलम मीच लावते. भावजय एवढं थापते की मूल चिखलात लोळल्यासारखं दिसतं. पातळ थर, बोटाच्या पेराने, हळू चोळून. झोपेला आलेली असते तेव्हा गप लावून घेते.

१७ मार्च

आज भावजयीचं तोंड उघडलं. "ताई, आजपासून मुंगीला मी बाहेरच्या खोलीत घेते. तुमचा हात ठणकतोय, आणि ती झोपेत लाथा झाडते."

गोड आवाज, खाली मान. पण मला ऐकू येतं ते येतं. स्वतःचं मूल नसलेल्या बाईला हे असंच सांगतात, तिच्याच भल्याचं निमित्त काढून. मी म्हटलं, "सरळ बोल की! माझं मूल सोडा, असं बोल." तिचा चेहरा पांढरा पडला. भाऊ म्हणाला, "ताई, ती तसं काही..." मी त्यालाही गप्प केलं. मास्तर वर्तमानपत्रात शिरले.

मुंगी माझ्याजवळच झोपली. मी जिंकले. जिंकल्यासारखं फारसं वाटलं नाही, पण मागे हटण्याचा प्रश्नच नव्हता.

२० मार्च

नळवाला रोज सकाळी भावाच्या घराची किल्ली न्यायला येतो. काम कासवाच्या चालीने. तोंडावर व्रणच व्रण, नजर खाली. आज मुंगीला पाइपाची रबरी चकती दिली आणि तिने ती बांगडी म्हणून हातात चढवली. मी काढून फेकली आणि त्याला झापलं, "कुठकुठल्या गटारातल्या वस्तू मुलांना देता?" तो म्हणाला, "नवी आहे बाई, पाकिटातली." उलट बोलतो वर.

२२ मार्च

मुंगीला ताप. कालपासून किरकिर होती. आज अंग चुलीसारखं तापलंय. खात नाही. गोष्टीतला शब्द मी मुद्दाम चुकवला, तरी भांडली नाही.

२३ मार्च

क्रमाने लिहिते.

सकाळी भावजयीने हाक मारली. मुंगीच्या दोन्ही कोपरांत, गुडघ्यांमागे, मानेवर फोड. दुपारपर्यंत गालांवर आले. कोपऱ्यावरचा दवाखानेवाला येऊन म्हणाला, "कांजिण्या. आठवड्यात बरी होईल." मी त्याला बाजूला सारून दिव्याखाली बघितलं. खोल. सगळे एकाच वयाचे. प्रत्येकाच्या मध्ये बेंबी.

मी ओळखलं. फळ्यावर मी काढलेलंच माझ्या बिछान्यात झोपलं होतं.

लाज वाटते, पण इथे खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला? भीतीच्याही आधी, एक क्षणभर, मला वाटलं, बघा, मी सांगत होते! मग मुंगी "आत्या, पाणी" म्हणाली आणि मी पेला भरायला धावले.

फोन केला. अधीक्षक हसले नाहीत या वेळी.

२४ मार्च

साधी खाट मागितली तर महिना लावणारं हे सरकार, त्याने एका दुपारीत रस्ता बंद केला. आमच्या जिन्यावर पांढऱ्या पोशाखातली माणसं. शेजारी खिडक्यांमधून बघतात आणि आम्ही बघितलं की पडदे ओढतात. मास्तर आणि भाऊ घरात कोंडलेले. मुंगी माझ्या वॉर्डात, काचेच्या दाराआडच्या खोलीत, भावजय तिच्यापाशी. तिने विचारलंसुद्धा नाही की आत राहू का. गेली आणि बसली.

राखीव साठ्यात या जातीच्या विषाणूंवरचं औषध आहे. आरोग्य खात्याच्या संचालकांनी स्वतः मंजुरी आणली. परवा सकाळी पहिल्या विमानाने येईल.

तपासवाले दोघे आले. घरी कोण कोण आलं होतं? कुणी मुलीला काही दिलं का? मी नळवाल्याचं सांगितलं. चकतीचं सांगितलं. तोंडावरच्या व्रणांचंही सांगितलं. एकाने दुसऱ्याकडे बघितलं.

सापडू दे. माझ्या समोर आणा, म्हटलं, दोन मिनिटं. मुंगी काचेपलीकडून बघत होती. तिला वाटलं मी तिलाच रागावतेय, आणि रडायला लागली.

२५ मार्च

नळवाल्याला उचलला. त्याच्या खोलीतून डबे, पावडरी, रबरी हातमोजे जप्त केले म्हणे.  मला सगळं पटलं.

मुंगीचे डोळे सुजून बंद झालेत. फोड कोपरांत आणि मानेवर इतके दाट की मधली कातडी दिसत नाही. प्रयोगशाळेचा पहिला अहवाल आला, याच जातीचा विषाणू. देवी की दुसरा कुणी, ते परवा कळेल. मला कळण्यासारखं काही उरलेलं नाही.

कुठल्या आईचा मुलगा असेल तो, ज्याने हे केलं? चार वर्षांची पोर निवडली!

वरच्या दोन्ही ओळी तशाच ठेवते. खोडणार नाही. नळवाल्याच्या घरात डबे आणि हातमोजे नाहीतर दुसरं काय असणार, हेही मी विचारलं नव्हतं.

वर लिहून झालं आणि कातडीवाला आला. सगळा पोशाख चढवून मुंगीपाशी बराच वेळ बसला. विनोद नाही, काही नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "मॅडम, फोड कोपराच्या खाचेत, गुडघ्यामागे, मानेवर. दाटी तिथेच. देवी अशी वागत नाही. हिला इसब होता का?"

"होता. मी बरा केला."

"आपण बरा करतो मॅडम, पण कातडी तशीच नाजूक राहते. आणि परत उठला होता असं हिची आई म्हणते." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमचा हात दाखवा."

मी दाखवला. खपली अजून आहे. त्याने विचारलं, "घरी पट्टी बांधत होता?"

मी बाही खाली ओढली. तोच म्हणाला, "माझ्या मुलाला लहानपणी इसब होता. लस घेतल्या दिवशीच मी त्याला मेहुणीकडे ठेवला. अजून आणलेला नाही."

हा माणूस सगळं हसण्यावारी नेतो म्हणून मी याला वर्षानुवर्षं मोजलं नाही. आज त्याचा इतका राग आला की काच फोडावीशी वाटली. त्याचा म्हणजे कुणाचा, ते मला कळतंय.

मलम मी लावलं. रोज. बोटाच्या पेराने, चोळून.

अधीक्षकांना सांगितलं. ते उठून दार लावून आले. "औषध हल्ल्यासाठी म्हणून मंजूर झालंय. आत्ता तोंड उघडलंत तर राखीव साठ्याचा अधिकारी फाइल परत पाठवेल. सकाळी बाटल्या येऊ दे, मग काय बोलायचं ते बोला."

मला खरं वाटेना. साठेवाल्याला फोन लावला. "समजा, नुसतं समजा, हल्ला नसून लशीचाच त्रास निघाला तर?"

"मग वेगळी मंजुरी, मॅडम. समिती सोमवारी बसते."

"मूल सोमवारपर्यंत राहायला हवं ना!"

"ते मी कसं सांगणार?" म्हणाला. फोन भिंतीवर आपटला मी. शत्रूने मारलं तर औषध तयार, आपल्याच हाताने मेलं तर अर्ज करा! शपथेवर सांगते, ते औषध बनवणाऱ्याने असा भेद केलेला नाही.

आणि मी गप्प बसले. नळवाला आणखी एक रात्र आत राहणार, हे मला ठाऊक आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण नेहमी दुसऱ्याच्या कारभाराला म्हणतो.

२६ मार्च

औषध आलं. मुंगीला दिलं. भावजयीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी चमच्याने सूप पाजलं. भावजय म्हणाली, "ताई, तुम्ही आहात म्हणून." मी चमचा खाली ठेवला आणि बाहेर गेले.

तपासवाल्यांना फोन केला, सोडा त्याला. त्याने काही केलेलं नाही.

"नक्की का मॅडम? तो कबूल व्हायच्या बेतात आहे."

"काय कबूल करणार तो? गळका नळ?" मी इतकी ओरडले की वॉर्डातले दिवे लागले असतील.

त्याला ठेवलं होतं तिथे स्वतः गेले. खुर्ची द्यायला लागले, नको म्हटलं. त्याला बाहेर आणलं तेव्हा ओठ फाटलेला होता आणि एका पायात चप्पल नव्हती. मी म्हटलं, "माझी चूक झाली. रोग माझ्यामुळे गेला. तुमचं नावही मीच दिलं." मला वाटलं शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं.

तो म्हणाला, "तुमच्या भावाच्या भिंतीत पाइप उघडे आहेत. मी येणार नाही. दुसरा बघा."

मी गाडीने सोडते म्हटलं. तो एका चपलेने चालत गेला.

२७ मार्च

प्रयोगशाळेचा दुसरा अहवाल आला. लशीचाच विषाणू. घरातल्यांना मोकळं केलं, ते वॉर्डात आले तेव्हा सगळ्यांना एकदम सांगितलं. भावाने टेबलावरचं सगळं खाली लोटलं. "तू! सगळ्या जगाला नियम शिकवणारी तू! कुणी काही बोलायचं नाही, ताईला सगळं कळतं!" बोल, म्हटलं, अजून बोल. मास्तरांनी त्याला धरलं. मला धरलं नाही.

भावजयीने काचेआडून ऐकलं. विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"म्हणजे काल सूप पाजत होतात तेव्हा माहीत होतं."

"हो."

ती मुंगीकडे वळून बसली. मघापासून मी तिच्या ओरडण्याची वाट बघतेय.

३१ मार्च

वाईट दिवस. ताप हटत नाही. फोडांमध्ये दुसरे जंतू शिरले, त्यांचं औषध वेगळं सुरू केलं. मी आता तिची डॉक्टर नाही. कातडीवाला आणि मुलांचे डॉक्टर बघतात. मी बाहेरच्या बाकावर. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, मॅडम देखरेख करताहेत.

एक परिचारिका पाणी घेऊन आली. पट्टीवरून झापलेली तीच. तिची पट्टी नीट बांधलेली होती. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

३ एप्रिल

ताप उतरला. कातडीवाला बाहेर येऊन म्हणाला, "डोळा उघडला. मला पाहून म्हणाली, तू जोकर आहेस का." आणि माझ्याशेजारी बाकावर बसून ढसाढसा रडला. मला रडता येईना. मी त्याचं नाव कधी नीट घेतलं नाही, आज घेतलं.

८ एप्रिल

संचालकांनी बोलावलं. मला वाटलं निलंबन. टेबलावर निवेदन तयार, "संशयित रुग्ण वेळीच ओळखून तुकडीने दक्षतेचा नमुना दाखवला. हल्ल्याचा कोणताही पुरावा नाही." नळवाल्याचा उल्लेख नाही. मुंगीचा नाही. इसबाचा तर नाहीच.

मी म्हटलं, "लिहा की लस घेतलेल्या डॉक्टरने घरी पट्टी बांधली नाही आणि घरातल्या मुलीला संसर्ग झाला. लिहा की 'घरात कोण आहे' एवढं विचारून भागत नाही, 'घरात कोण येणार आहे' तेही विचारा, आणि दर आठवड्याला परत विचारा. बाकीच्या हॉस्पिटलांमध्ये अशाच किती आत्या आणि काका बसलेत!"

"तसं लिहिलं तर लस कुणी घेणार नाही, मॅडम."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तुम्ही दमलात," म्हणाले. "शिवाय ओळखलंत तर उत्तमच. पुढच्या महिन्यात इतर तुकड्यांना तुम्हीच शिकवा."

मी ते निवेदन त्यांच्यासमोर फाडलं. दुसरी प्रत होतीच त्यांच्याकडे. शिकवायला मी जाणार आहे. त्यांच्या फळ्यावर काय लिहायचं ते मी ठरवणार, आणि पहिल्या ओळीत माझं नाव असेल. मग करा काय करायचं ते.

१४ एप्रिल

मुंगीला साध्या खोलीत आणलं. दोन दिवसांत घरी जाईल. मानेवर आणि डाव्या गालावर व्रण राहणार. कातडीवाला म्हणतो, वयानुसार फिके पडतील. पुसले जातील असं म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही.

माझी खपली कधीच पडली, तपासून घेतली, तरी मी भावजयीला विचारल्याशिवाय आत जात नाही. आज दाराशी उभी राहिले तर तिने खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली.  भाऊ खिडकीशी होता. खिडकीखाली कुणीतरी गाडी मागे घेताना हॉर्न वाजवत होतं.

मुंगी उशीला टेकून बसली होती. इतके दिवस खाटेभोवती मोठी माणसं जे जे बोलली ते तिने ऐकलं असणारच. म्हणाली, "आत्या, तो वाईट माणूस सापडला?"

"सापडला."

"कोण होता?"

भाऊ पटकन म्हणाला, "कुणी नाही गं. दूध पी तू." भावजय कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मी होते," मी म्हटलं.

मुंगीने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि हसत सुटली. गालाची नवी कातडी ताणली जाते, म्हणून दोन्ही हातांनी गाल धरून हसली. महिनाभरात तिचं हसणं ऐकलं नव्हतं. "खोटं! आत्या खोटं बोलते! परत सांग."

"मीच होते, मुंगे."

"परत!"

मी परत सांगितलं. ती हसता हसता उशीवरून घसरली. भावाने तोंड खिडकीकडे फिरवलं.  रागवायचं तर या खोलीत आता एकच माणूस होतं, आणि त्याच्यावर कितीही रागावलं तरी पुरेना.

"आत्या, परत सांग ना! सांग ना!"

मी भावजयीकडे बघितलं. तिने हातातला फ्रॉक झटकला, त्याची घडी घातली आणि वर न बघता म्हणाली, "सांगा की, ताई. हसतेय ती."

मी सांगितलं.